फटफटीचे स्वातंत्र्य

मराठीने या वाहनाला नाव दिले ते मुळी त्याच्या आवाजावरून. मोटारसायकल हा शब्द कागदोपत्री; खेड्यापाड्यांत ती फटफटी म्हणून आली आणि कित्येक वर्षे फटफटीच राहिली. वेशीपाशी तिचा आवाज उठला की माजघरात बसलेल्या म्हातारीलाही कळे, की डॉक्टर आला किंवा तलाठी आला. त्या काळी आवाज हा यंत्राचा नाइलाज होता आणि तो कमी व्हावा म्हणून कारागिरांच्या पिढ्यांनी आपली बुद्धी खर्च केली. आज नाव जुने राहिले आहे, यंत्र मात्र पुष्कळ शांत झाले आहे. आणि नेमक्या याच वेळी आमच्या समाजातील एक वर्ग पदरचे पैसे मोजून तो गेलेला आवाज पुन्हा विकत आणतो आहे. कारखान्याने बसवून दिलेला सायलेन्सर काढायचा, त्या जागी पोकळ पुंगळी बसवायची, आणि रात्री अकरा वाजता निजलेल्या वाड्यातून ती गर्जत न्यायची, या उद्योगाला सध्या हौस असे नाव आहे.

या हौसेविरुद्ध कायदा नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. कायदा आहे, आणि तो एका ठिकाणी नसून चार ठिकाणी आहे. उणीव निराळीच आहे. आपला कायदा कारखान्याच्या चाचणीमार्गावर उभा राहून आवाज मोजतो. तो रस्त्यावर उतरतच नाही. जोवर तो रस्त्यावर उतरत नाही, तोवर पुंगळी विकणाऱ्याचा धंदा, ती बसवणाऱ्याची हौस आणि पोलिसांचा अधूनमधूनचा तमाशा ही तिन्ही सुखाने नांदतील, आणि त्यांची किंमत ज्याने काहीच केले नाही तो मोजत राहील. एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

हे सांगण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील तर माझे उत्तर थोडे लज्जास्पद आहे. या अनाचारात माझाही हात आहे.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाचे वकीलपत्र मी घेतले. मुलगा चांगल्या घरचा, कॉलेजात शिकणारा, बोलण्यात अदबशीर. पोलिसांनी त्याची मोटारसायकल अडवली होती. जागच्या जागी तडजोडशुल्क भरून मोकळे होण्याऐवजी त्याने प्रकरण न्यायालयात येऊ दिले. पोलीस अंमलदार साक्षीला उभा राहिला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, की गाडीचा आवाज फार मोठा होता. उलटतपासणी माझ्याकडे होती. आवाज मोजला काय? कोणत्या यंत्राने मोजला? त्या यंत्राची तपासणी केव्हा झाली होती? किती अंतरावरून मोजला? इंजिन त्या वेळी मिनिटाला किती फेरे घेत होते? रस्त्यावर दुसरी वाहने होती की नव्हती? बिचारा प्रत्येक प्रश्नाला अधिकाधिक अवघडत गेला. आरोपी निर्दोष सुटला. सुटायलाच हवा होता. पुराव्याविना शिक्षा होऊ नये, हे मी आजही म्हणेन.

त्यानंतरचे प्रकरणही माझेच होते. पोटगीचा अर्ज होता. अर्जदार बाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती. चारचौघांत ज्या गोष्टी उच्चारताना जीभ जड होते, त्या ती खालच्या आवाजात, पदर मुठीत धरून सांगत होती. इतक्यात खाली आवारात माझ्या पहिल्या अशिलाने आपली मोटारसायकल सुरू केली. खिडक्यांची तावदाने थरथरली. बाईचे वाक्य त्यात बुडून गेले. न्यायाधीशांनी तिला ते पुन्हा सांगायला सांगितले. दुसऱ्यांदा तिने ते निम्मेच सांगितले. आवारातून पुन्हा एकदा फटाका फुटावा तसा बार झाला आणि ती दचकली. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, "काही नाही, साहेब." नोंदीत तेवढेच गेले. तो आवाज तासाभरापूर्वी मीच सोडवून आणला होता.

आता या यंत्राविषयी थोडे. मोटारसायकलच्या नळकांड्यात पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणाचा स्फोट होतो. जळालेला वायू झडप उघडताच मोठ्या दाबाने बाहेर झेपावतो. हा दाब एकदम मोकळा झाला तर बंदुकीसारखा बार होतो, आणि इंजिन असे बार मिनिटाला शेकड्यांनी, हजारांनी करीत असते. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या मिल्टन रीव्ह्‌ज या गृहस्थाला १८९७ साली या उपद्रवावरील उपायाचे पेटंट मिळाले. उपायाचे तत्त्व सोपे आहे: वायूला सरळ बाहेर न सोडता प्रथम रुंद कोठीत पसरू द्यावे, पडद्यांवर आपटून वळणे घ्यायला लावावे, छिद्रे पाडलेल्या नळ्यांतून फिरवावे, म्हणजे ध्वनीच्या लाटा एकमेकींना मारतात आणि बाहेर पडताना वायूचा जोर ओसरलेला असतो. काही सायलेन्सरांत काचतंतूंचे अस्तरही असते. ते उरलासुरला आवाज शोषून घेते.

पुंगळी बसवणे म्हणजे हे पडदे, ही वळणे आणि हे अस्तर सारे काढून टाकणे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या मोटारसायकलींत निष्कासनाच्या मार्गावर विषारी वायू निवळणारे उत्प्रेरक यंत्रही असते. सबंध मूळ नळी काढली की पुष्कळदा तेही जाते, आणि ध्वनीच्या अपराधाला धुराच्या अपराधाची जोड मिळते. धावत्या गाडीची ठिणगी क्षणभर तोडून पुन्हा जोडली, की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेट घेते आणि बार उडतो. यालाच "फटाके काढणे" म्हणतात. त्यात कौशल्याचा अंशही नाही. बटन दाबणे एवढीच ती कला आहे.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि या मापाचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दसपट होते. २० वाढले की शंभरपट. म्हणून ८० डेसिबलची गाडी पुंगळीने १०० डेसिबलची झाली तर "थोडासा वाढला आवाज" हे समर्थन गणिताच्या विरुद्ध ठरते. तशी एक गाडी जाते तेव्हा त्याच जातीच्या शंभर शांत गाड्या एकदम गेल्याइतकी ध्वनिशक्ती गल्लीत ओतली जाते.

आता कायदा पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२० प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर असलाच पाहिजे असे सांगतो. विस्तारकोठीने अथवा अन्य रीतीने निष्कासनाचा आवाज शक्य तितका कमी करणारे साधन, अशी त्याची व्याख्याही देतो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या अनुसूचीत दुचाकींसाठी मर्यादा घातल्या आहेत: ८० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाला ७५ डेसिबल, ८० ते १७५ पर्यंत ७७, आणि त्यावर ८०. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ घातले गेले. बाहेरचे भाग बसवून नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. कलम १९०(२) ध्वनीच्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक जागी चालवणाऱ्याला लागू होते, आणि चालवू देणाऱ्यालाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातील पहिल्या अपराधाचा दंड १०,००० रुपयांपर्यंत नेला आणि तीन महिने परवाना गमावण्याची तरतूद केली. जुलै २०२१ मध्ये इलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने बदललेल्या सायलेन्सरांच्या उपद्रवाची स्वतः होऊन दखल घेतली, तेव्हा न्यायालयापुढे ही सारी शस्त्रे तयारच होती.

मग ही शस्त्रे बोथट का? कारण ७५, ७७ आणि ८० हे आकडे ज्या चाचणीचे आहेत, ती चाचणी रस्त्यावर होऊच शकत नाही. भारतीय मानक ३०२८ प्रमाणे मोकळे, सपाट, भिंती-इमारतींपासून दूर असे मैदान लागते. ठरलेल्या वेगाने गाडी येते, ठरलेल्या रेषेवर तिचा वेग पूर्ण जोराने वाढवला जातो, आणि साडेसात मीटर अंतरावर ठेवलेला ध्वनिग्राहक आवाज टिपतो. नव्या जातीच्या वाहनाला मान्यता देताना ही कसोटी योग्यच आहे. पण म्हापशाच्या बाजारपेठेत, बेळगावच्या खडेबाजारात किंवा इंदूरच्या राजवाड्यासमोर उभ्या असलेल्या हवालदाराने ही कसोटी कशी लावावी? त्याच्यापाशी उरतो तो त्याचा कान. कान खोटे बोलत नाही; पण न्यायालयात कानाची उलटतपासणी करणे फार सोपे असते. मी ती केलेली आहे.

अशा वेळी यंत्रणेला एक पळवाट सापडली आहे. पुण्या-नागपुरासह अनेक शहरांत पोलिसांनी काढून घेतलेल्या सायलेन्सरांची रस्त्यावर रांग मांडली, त्यावरून रोडरोलर फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्रे आली. लोक टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांत सामील होता येत नाही. माझा पक्ष पुंगळीच्या विरुद्ध आहे. तरीही जप्त वस्तूची विल्हेवाट न्यायालयाच्या आदेशाने व्हावी, हा आपल्या विधीचा सामान्य नियम आहे, आणि चिडलेल्या लोकमताच्या समाधानासाठी तो नियम रोलरखाली घालणे मला मान्य नाही. शिवाय त्या रोलरखाली दुकानदार जात नाही. चेपलेल्या पुंगळीच्या जागी नवी घ्यायला तोच मुलगा त्याच दुकानात जातो. अशा रीतीने पोलिसांची मोहीम दुकानदाराचा खप वाढवते.

दुकानदाराचा प्रश्न इथेच येतो. कलम १८२अ मध्ये सुटे भाग विकणाऱ्यालाही शिक्षा आहे. परंतु ती सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यावश्यक म्हणून अधिसूचित झालेल्या भागांपुरती आहे. पुंगळी विकणारा तिच्या वेष्टनावर "केवळ शर्यतीसाठी" असे छापतो आणि हात झटकतो. या गोव्यात, त्या बेळगावात, इतक्या शर्यती कुठे चालतात, हे त्याला कोणी विचारत नाही. विकणाऱ्याला धक्का न लावता विकत घेणाऱ्याला पकडत राहणे म्हणजे गळका नळ उघडा ठेवून लादी पुसत बसणे होय.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. पहिला मुद्दा स्वातंत्र्याचा. गाडी माझी, पैसा माझा, मग आवाजही माझ्या आवडीचा का नसावा? उत्तर असे, की गाडी तुमची आहे, पण आवाज तुमच्यापाशी राहत नाही. तो कुंपण ओलांडतो, भिंत ओलांडतो आणि ज्याने तो मागितला नाही त्याच्या अंथरुणात शिरतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात दिलेला निर्णय याच पायावर उभा आहे. बोलण्याचा हक्क आहे म्हणून दुसऱ्याला ऐकण्याची सक्ती करण्याचा हक्क मिळत नाही, आणि शांतपणे जगणे हे अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात येते, असे न्यायालयाने म्हटले. ते ध्वनिक्षेपकांच्या आणि फटाक्यांच्या संदर्भात म्हटले होते. वाणीला जे संरक्षण नाही, ते पुंगळीला कोठून मिळणार? वाणीत निदान काही अर्थ असण्याचा संभव असतो.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो वरवर गंभीर दिसतो. मोठा आवाज असला की इतर वाहनचालक सावध होतात, असे म्हणतात. पण निष्कासनाची नळी मागे तोंड करून असते. तिचा जोर मागे जातो, आणि धोका बहुधा समोर असतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी मोटारसायकल-अपघातांचा जो विस्तृत अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध केला, त्यात तीन-चतुर्थांशांहून अधिक अपघातांत धोका स्वाराच्या समोरच्या ४५ अंशांच्या आत होता असे आढळले. ज्याला खरोखर जीव वाचवायचा आहे, त्याच्यासाठी समोर हॉर्न आहे, डोक्यावर शिरस्त्राण आहे आणि हाताशी ब्रेक आहे. पुंगळीच्या किमतीत चांगले शिरस्त्राण येते. सुरक्षिततेचा मुद्दा मांडणाऱ्या कितीजणांनी ते डोक्यावर घातलेले असते, हे वाचकांनी आपल्या नाक्यावर उभे राहून पाहावे.

तिसरा मुद्दा परंपरेचा. बुलेटचा ठोका हा तिचा आत्मा आहे, तो काढला तर काय उरले, असे तिचे भक्त विचारतात. १९५५ पासून मद्रासमध्ये जुळणी होऊ लागलेल्या त्या गाडीविषयी मलाही जिव्हाळा आहे. परंतु तिचा ठोका जन्मतो तो एकाच मोठ्या नळकांड्यातून आणि इंजिनाच्या संथ चालीतून. मूळ सायलेन्सरातूनही तो स्पष्ट ऐकू येतो, आणि त्या आवाजाविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही. ताल निराळा, गोंगाट निराळा. घुमट जितके जोराने बडवावे तितके वादन चांगले, असे आमच्या गोव्यातला एकही घुमटकार म्हणणार नाही.

चौथा मुद्दा सर्वांत लाडका आहे: आधी देवळा-मशिदींचे कर्णे बंद करा, किनाऱ्यावरचे रात्रभराचे संगीत बंद करा, मग आमच्याकडे या. हा युक्तिवाद न्यायालयात रोज ऐकू येतो. ऋणको म्हणतो, गावात माझ्याहून मोठे कर्जबुडवे आहेत. असतील. त्यांच्यावरही दावे व्हावेत. पण त्यामुळे याचे कर्ज फिटत नाही. उलट कर्ण्याला एक ठिकाण असते, एक मालक असतो, रात्री दहाची वेळ असते; कोणीतरी तक्रार करतो आणि कधी ना कधी तो बंद होतो. पुंगळीला ठिकाण नाही. तक्रार लिहून होईपर्यंत ती तिसऱ्या गावात पोहोचलेली असते.

गोव्यापुरते एक सांगणे अवश्य आहे. हा उपद्रव बाहेरून येणाऱ्या पर्यटकांचा, असे म्हणून आम्ही मोकळे होतो. साळगावहून कळंगुटकडे जाणाऱ्या चोगम रस्त्यावर काही अंशी ते खरेही असेल. पण वाड्यावाड्यांत, चर्चच्या चौकात, देवळाच्या प्राकारासमोर रात्री जे बार उडतात, ते उडवणारी मुले आमची आहेत. त्यांची आडनावे आम्हांला ठाऊक असतात. त्यांचे वडील संध्याकाळी बाल्कांवात आमच्याशेजारी बसून शांततेच्या ऱ्हासाविषयी हळहळतात. कायदा वाहन "चालवू देणाऱ्यालाही" दोषी धरतो, हे मी वर म्हटले. ते त्या वडिलांनी एकदा सावकाश वाचावे.

याच गोव्यात मोटारसायकलीचा दुसरा एक वंश आहे. पिवळ्या मडगार्डाच्या गाडीवर उतारू नेणारा आमचा पायलट दिवसभर रस्त्यावर असतो. मोटारसायकलीवर पोट असलेला त्याच्याइतका दुसरा माणूस नाही. त्याच्या गाडीचा आवाज कधी कोणाला टोचल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्याला रोज यंत्रावर जगायचे असते, तो यंत्र नीट राखतो. गर्जना करते ती रिकामटेकडी गाडी.

आणि ऐकणारा कोण असतो? पहाटे होडी लोटायची म्हणून आठ वाजताच निजलेला रामपणकार, रात्रपाळी करून दिवसा झोपू पाहणारी परिचारिका, तान्ह्या मुलाला तिसऱ्यांदा निजवणारी आई, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रोगी. रहिवासी वस्तीत सरासरी आवाज दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, इस्पितळे, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटर शांतता असावी, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. एका मोटारसायकलीने किती झोपा मोडतात याचा पॅरिस परिसरातील ब्रुइपारीफ या ध्वनिमापन संस्थेने अंदाज केला आहे: रात्री पॅरिस आरपार ओलांडणारी सायलेन्सरविरहित एकच गाडी दहा हजारांहून अधिक माणसांना जागे करू शकते. आमची गावे पॅरिसइतकी दाट नाहीत; पण आमची घरे रस्त्याला अधिक चिकटलेली आहेत, आणि खिडक्या उकाड्याने उघड्या असतात.

निदान झाले, आता उपाय. तो शोधण्यासाठी नवे संशोधन लागत नाही. कायदा रस्त्यावर कसा आणावा हे इतरांनी करून दाखवले आहे. मोटारसायकल उभी असताना, इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर ठेवून, नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर आवाज मोजण्याची एक साधी पद्धत आहे. युरोपात हा आकडा वाहनावर आणि नोंदणीपत्रावर लिहिलेला असतो. म्हणूनच ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताला २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या काही डोंगरी रस्त्यांवर ९५ डेसिबलहून अधिक आकडा असलेल्या मोटारसायकलींना बंदी घालता आली. पोलिसाला यंत्र काढावे लागले नाही. त्याने कागद वाचला. कॅलिफोर्नियाने त्याहून सोपी वाट धरली. २०१३ पासूनच्या मोटारसायकलींच्या निष्कासन-यंत्रणेवर मान्यतेची खूण असलीच पाहिजे. खूण नसेल तर अपराध. तिथे कानाचा प्रश्न उरत नाही, डोळा पुरतो.

आपल्याकडेही उभ्या वाहनाचा आवाज मोजण्याचे भारतीय मानक १०३९९ अस्तित्वात आहे. ते वापरायचे एवढेच राहिले आहे. माझ्या मागण्या चार आहेत. पहिली, प्रत्येक दुचाकीचा उभ्या चाचणीतील आकडा तिच्या चौकटीवर कोरला जावा आणि नोंदणीपत्रात लिहिला जावा. दुसरी, प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र देताना आज नळीतून बाहेर पडणारे वायू तपासतात, त्याच वेळी त्याच नळीचा आवाजही तपासावा. आकड्याहून ठरावीक फरकाने अधिक भरला तर प्रमाणपत्र मिळू नये. तिसरी, बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायलेन्सरावर मान्यतेची न पुसणारी खूण असावी. खूण नसलेला विकणे आणि बसवून देणे हाच स्वतंत्र अपराध ठरावा, आणि "केवळ शर्यतीसाठी" हे शब्द त्यातून सुटका देणारे नसावेत. चौथी, अपराध सिद्ध झाल्यावर मूळ सायलेन्सर बसवून गाडी दाखवल्याशिवाय ती रस्त्यावर येऊ नये. यांत कोणालाही तुरुंगात धाडण्याची मला घाई नाही. पंधरा मिनिटांचे काम करून गाडी पूर्ववत होत असेल तर ते करवून घेणे हीच पुरेशी शिक्षा आहे.

या मागण्यांनी काही कारागिरांचे उत्पन्न बुडेल, अशीही तक्रार होईल. ज्याला सायलेन्सर काढता येतो त्याला तो बसवताही येतो; आणि गंजलेले, फुटलेले मूळ सायलेन्सर दुरुस्त करण्याचे काम या देशात कमी नाही.

वकिलाने अशिलाची निवड त्याच्या आवाजावरून करू नये, हा आमच्या व्यवसायाचा धर्म आहे. उद्या तसाच दुसरा मुलगा वकीलपत्र घेऊन आला तर मी ते नाकारणार नाही. साक्षीदाराला तेच प्रश्न विचारीन: आवाज कशाने मोजला, किती अंतरावरून मोजला. फरक एवढाच, की त्या वेळी अंमलदाराने मला उत्तर द्यावे अशी माझी इच्छा आहे. त्याने नोंदणीपत्र पुढे करावे, त्यावरचा आकडा वाचावा, चाचणीचा आकडा वाचावा, नळीवर खूण नाही हे दाखवावे, आणि मला खाली बसवावे. असा कायदा करा, की मी हरेन. वरच्या मजल्यावर पिंजऱ्यात कोणीतरी खालच्या आवाजात बोलत असते. तिचे वाक्य तिला एकदाच, पण पुरे सांगता आले पाहिजे.